तीन माणशी तंबू, कोकणातला एक हंगाम: सगळं ठीक, रनर सोडून

ऑक्टोबर ते मे हा तंबू काशीदच्या सुरूबनात आणि फणसाड अभयारण्याच्या सुपेगावकडच्या बाजूला वापरून झाला. दुहेरी कापडाचा, फायबरग्लासच्या दोन काठ्यांचा, साडेपाच हजारांच्या आसपासचा. मापं आणि वजन खोक्यावर छापलेलं असतंच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे बिघडलं ते या किमतीच्या कुठल्याही तंबूत बिघडू शकतं: चेनचा रनर.

दुसऱ्या महिन्यात आतल्या दाराची चेन लागायची, पण रनर पुढे सरकला की मागून फाकायची. घरी सुटकेसची चेन फाकली तर दोरी बांधून भागतं. फणसाडात पावसाळा संपता संपता माळावरच्या गवतात गोचीड असतात आणि रात्री डोंगळे जेवणाच्या वासावर येतात. बोटभर उघडं दार म्हणजे उघडंच दार. सर्व्हिस सेंटरचं उत्तर असं, की ही वापराने झालेली झीज, वॉरंटीत बसत नाही, आतला पूर्ण तंबू नवा घ्या. किंमत मूळ तंबूच्या जवळपास निम्मी! तेव्हा या तंबूला पाचात दोनच गुण द्यायचे ठरलं होतं.

ते मत आता बदललंय, कारण दोष चेनचा नव्हताच. नायलॉनचे दात शाबूत होते. रनर जस्ताच्या मिश्रधातूचा, वर रंगाचा पातळ थर. वाळूचा कण आत गेला की प्रत्येक ओढीला रनरचं पोट आतून घासतं. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ रंग उडालेल्या जागी बसतं आणि हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे तंबू घरी कपाटात असला तरी गंजणं चालूच राहतं. वरच्या-खालच्या पाळीतली फट केसभर वाढली, की दात एकमेकांत दाबले जात नाहीत. ओळखायचं सोपं आहे: चेन दरवेळी एकाच जागी फाकत असेल तर तिथले दात गेलेत, जिथे रनर जाईल तिथे मागून फाकत असेल तर रनर गेलाय.

मुक्कामावर तात्पुरता इलाज पकडीचा. रनरच्या ज्या टोकातून चेन जोडून बाहेर पडते, त्या टोकाच्या दोन्ही कडा आळीपाळीने हलकेच दाबायच्या. एकदा, फार तर दोनदा. हा धातू फारसा वाकत नाही, जास्त दाबला की तुटतो.

कायमचा इलाज वीस रुपयांचा. जुन्या रनरच्या पाठीवर आकडा असतो: ५, ८ किंवा १०. त्याच आकड्याचा, नायलॉन चेनचा, बिनलॉकचा (पट्टी सोडली तरी जागीच अडकून न बसणारा) आणि आतून-बाहेरून दोन्हीकडे ओढायची पट्टी असलेला रनर मागायचा. नुसतं ‘चेनचा रनर द्या’ म्हटलं तर दुकानदार पर्सचा देतो. तो एकाच बाजूने ओढता येतो, म्हणजे तंबूत शिरल्यावर आतून दार लावताच येत नाही. चेनच्या सुरुवातीची शिवण दीड इंच उसवायची, जुना रनर काढायचा, चेनच्या दोन्ही कापडी पट्ट्यांची टोकं तिरकी कापून लायटरने किंचित जाळायची म्हणजे धागे सुटत नाहीत. मग नव्या रनरच्या दोन तोंडांत एकेक पट्टी सारख्या मापाने सरकवायची. एक पट्टी दोन दात जरी पुढे गेली तरी दाराच्या वळणावर सुरकुती येते आणि चेन तिथेच अडते. शेवटी जाड दोऱ्याने टोक शिवून टाकायचं. शिवायचा कंटाळा असेल तर बॅगा दुरुस्त करणारा पाच मिनिटांत करून देतो.

तो रनर बसल्यापासून मेपर्यंत चेन एकदाही फाकली नाही. मात्र मुक्काम संपला की चेन गोड्या पाण्याने धुवायची, जुन्या टूथब्रशने घासायची, सुकली की मेणबत्ती फिरवायची. खोबरेल किंवा मशीनचं तेल अजिबात नाही, त्यावर वाळू चिकटते. सुरूच्या सुया चेनमध्ये अडकल्या तर रनर जोर लावून ओढायचा नाही, मागे घेऊन सुई काढायची.

बाकीचं थोडक्यात. सोबत आलेल्या खुंट्या वाळूत कुचकामी आहेत, हाताने उपटून येतात. त्यांच्या जागी कापडी पिशवीत वाळू भरायची, ताणाची दोरी पिशवीच्या गळ्याला बांधायची आणि पिशवी फूटभर खोल आडवी पुरायची. सुपेगावकडच्या कडक मुरमात याच खुंट्या वाकतात, तिथे जाड लोखंडी खिळे लागतात. काठ्यांबद्दल सुरुवातीला शंका होती, पण त्या टिकल्या. फक्त सांध्याच्या लोखंडी नळ्या गंजतात, त्या पुसून ठेवाव्या लागतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वरच्या कापडाला आतून पाणी सुटतं. ती गळती नाही, श्वासाची वाफ आहे. झरोके उघडे ठेवा आणि वरचं कापड आतल्याला टेकणार नाही इतकं ताणा.

जागेबद्दल दोन गोष्टी. अभयारण्याच्या आत मनाला येईल तिथे तंबू ठोकायचा नसतो; मुक्काम गावाच्या बाजूला, आणि आत पायी फिरायचं ते परवानगी काढूनच. किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेचं उधाण धरून भरतीच्या रेघेच्या बरंच वर, सुरूच्या झाडांत राहा. वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर मात्र हंगामात वाळूत तंबूही नको आणि बॅटरीही नको. मादी नेमकी भरतीच्या रेघेवरच्या कोरड्या वाळूत अंडी घालते.

आता पाचात चार. कापलेला एक गुण रनरचा, कारण कारखान्यात चांगला रनर बसवायला काही रुपयेच जास्त लागले असते. पावसाळ्यात तंबू त्याच्या घट्ट पिशवीत कोंबून ठेवू नका, ओलीने आतला लेप चिकट होतो आणि कुबट वास येतो. पूर्ण वाळवून जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळायचा. नवा रनर, त्याच आकड्याचा, सुईदोऱ्यासकट त्याच चादरीत.