बाल्सा ट्रेनर किट: सोलापूरचा एक उन्हाळा काढल्यावर

मोटर कुठली, प्रॉप किती इंची, बॅटरी किती सेलची, हे पुन्हा लिहीत बसत नाही. पंखाची लांबी 1400 मिलिमीटर, पंख वर, बाल्साच्या हलक्या लाकडातून स्वतः जोडायचं आणि रिमोटवर उडवायचं साधं इलेक्ट्रिक ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं विमान आहे. हा छंद असणाऱ्या बहुतेकांनी ते पाहिलेलं असेल. मला बोलायचंय ते किटसोबत येणाऱ्या कव्हरिंग फिल्मबद्दल, म्हणजे लाकडी सांगाड्यावर इस्त्रीने चढवायच्या पातळ प्लास्टिकबद्दल. उन्हाळ्यात ती पंखावर सैल पडली, म्हणून मी तक्रार केली होती. "उन्हामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही" असं विक्रेत्याचं शेवटचं उत्तर परवा आलं. उघड्या रानात उडवायची वस्तू विकायची आणि ऊन लागलं म्हटल्यावर हात वर करायचे, हे मला अजिबात पटलेलं नाही.

लाकडाबद्दल मात्र एक शब्द वाईट लिहिणार नाही. स्पारला (पंखातल्या लांब मुख्य दांड्याला) टणक बाल्सा, रिबना (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांना) हलका, मोटर जिच्यावर बसते त्या फायरवॉलला चांगला प्लाय, अशी निवड डोळसपणे केलेली आहे. लेझरने कापलेल्या रिब स्पारच्या खाचेत अंगठ्याच्या दाबाने बसतात, पॉलिश पेपर हातात घ्यावा लागत नाही. आपल्या भागात जोडणी करताना एक लक्षात ठेवा: पातळ सीए गम (झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट) हवेतल्या ओलाव्यावर पकडतो, आणि मार्चनंतर सोलापूरच्या दुपारच्या हवेत ओलावा शोधूनही सापडत नाही. जोडावर आधी ओलसर कापूस हलकेच फिरवा, मग गम सोडा. पंखाच्या मधल्या जोडाला मात्र इपॉक्सीच, तिथे काटकसर नको.

आता फिल्म. थंडीत चढवली तेव्हा मी खूश होतो. कमी तापमानावर चिकटते, इस्त्री थोडी वाढवली की आवळते. हलगी शेकल्यावर चामडं जसं ताणून येतं, तसा पंख टिचकी मारली की वाजायचा. फेब्रुवारीभर विमान सरळ, शांत उडालं. रेडिओ (रिमोट) हातात पहिल्यांदाच घेतलेल्या भाच्यानेही ते हवेत नीट सांभाळलं.

एप्रिल लागला आणि पंखाच्या वरच्या बाजूला रिबच्या मधोमध सुरकुत्या आल्या. विमान बंद गाडीत ठेवलेलं नव्हतं, बांधावर लिंबाच्या सावलीत होतं. घरी आणून हीट गनने पुन्हा आवळली, की दुसऱ्या सकाळी टणक आणि चार वाजेपर्यंत पुन्हा ढिली.

"दिसायला वाईट, एवढंच ना?" असं विक्रेत्याच्या माणसाने फोनवर विचारलं. हेच मला सगळ्यांत लागलं, कारण किट विकणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. या पंखाला वरून बाल्साची शीट नाही, रिब आणि स्पारचा उघडा सांगाडा आहे. अशा पंखाला पीळ पडू नये म्हणून जो ताठपणा लागतो, त्यातला मोठा वाटा ताणलेली फिल्म देते. ती सैल पडली की पंख पिळायला मोकळा. टोकाकडे मागची कड थोडी उचललेली ठेवतात, म्हणजे वेग कमी झाला तरी टोकं आधी स्टॉल होत नाहीत, म्हणजे उचल गमावून पडत नाहीत. हा वॉशआउटच माझ्या डाव्या पंखातून निघून गेला होता. उडताना विमान किंचित उजवीकडे ओढायचं, ते ट्रिमने (रेडिओवरच्या बारीक दुरुस्तीने) झाकलं जायचं. उतरताना वेग पडला की मात्र डावा पंख धपकन खाली. ज्यांच्या रानात आम्ही उडवतो त्या आण्णांनी बांधावरूनच सांगितलं, "मास्तर, खाली येताना डाव्या अंगाला पडतंय की ओ तुमचं विमान."

घरी पंख टेबलाच्या काचेवर ठेवून टोकाखाली स्टीलची पट्टी सरकवली. उजवीकडे मागची कड 4 मिलिमीटर वर, डावीकडे पट्टी आत शिरेना. त्याचे फोटो, फिल्मचा व्हिडिओ, बिल, सगळं पाठवलं. आधी "हीट गन मारा सर", मग "टीमला कळवलंय सर", मग पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. मला सूट नको होती, पंखापुरती चालणारी फिल्म हवी होती. साडेसात हजारांच्या किटवर शेवटी अडीच हजारांची फिल्म स्वतःच्या खिशातून आणली. हे पैसे मला अजून टोचतात.

नवी फिल्म पॉलिएस्टरची, जास्त तापमानाला चिकटणारी आणि जोरात आवळणारी. वरची बाजू पांढरी-पिवळी घेतली, कारण जुना गडद निळा रंग दुपारी हात लावू देत नव्हता. खालची बाजू गडदच ठेवली, म्हणजे लांबून विमान उलटं की सुलटं ते कळतं. चढवताना भाच्याने मागची कड वर पिळून धरली आणि मी खालून-वरून गन फिरवली. "मामा, सोडू का?" असं तो दर मिनिटाला विचारत होता. थंड होईपर्यंत सोडायचं नाही. दोन्ही बाजू आवळून थंड झाल्या की तो पीळ पंखात कायमचा बसतो. वजन जेमतेम 10-12 ग्रॅम वाढलं. मे महिन्याच्या ऐन उन्हातही पंखावर एक सुरकुती आली नाही, आणि डावं टोक पडायचं थांबलं.

इथवर आल्यावर जुन्या फिल्मला शून्य गुण द्यायचं ठरवलं होतं. पण उरलेल्या नव्या तुकड्यातून रडर (शेपटीचा उभा, हलणारा भाग) मढवला आणि मत बदलावं लागलं. पातळ काड्यांचा तो रडर नव्या फिल्मच्या ओढीनेच वाकडा झाला. शेपटीवरची जुनी फिल्म मात्र सगळा उन्हाळा काढूनही एलिव्हेटरला (शेपटीच्या आडव्या, हलणाऱ्या भागाला) सपाट ठेवून होती. तिच्यावर बारीक सुरकुत्या होत्या, त्या जूनमध्ये पाऊस पडल्यावर आपोआप गेल्या. ओलाव्याने बाल्सा थोडा फुगतो आणि फिल्म ताणली जाते. म्हणजे ती फिल्म नाजूक शेपटीसाठी उत्तम आहे. तीच पंखालाही देऊन किटवाल्यांनी एका रोलचे पैसे वाचवले, माझा राग तेवढ्यावर आहे. रडरला पुन्हा जुनीच लावली.

उडवण्याबद्दल थोडक्यात. 20 अंशांवरून पारा 42 वर गेला की हवा सुमारे 7 टक्के विरळ होते. तेवढंच वजन उचलायला विमानाला जास्त वेग लागतो, धाव लांबते. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उडवा. आपल्या काळ्या रानाच्या भेगांत पुढचं चाक अडकतं, त्यामुळे ज्वारी काढल्यावर फळी मारून पट्टी सपाट केल्याशिवाय उतरवू नका. बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावू नका.

जागेचं गांभीर्य आता वाढलंय. होटगी रोडच्या विमानतळावरून 9 जून 2025 पासून गोव्याची प्रवासी सेवा सुरू झाली. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 2023 मध्ये पाडली ती विमानांच्या वाटेत येत होती म्हणूनच, तेव्हा त्या बाजूला "जरा दोन फेऱ्या मारू" हा विचारही नको. विमानतळाच्या हद्दीपासून 12 किलोमीटरच्या पलीकडे जा, डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा आधी बघा, त्यातल्या हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) भागातही 400 फुटांच्या वर नेऊ नका. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपासही नको. तिथला पक्षी आधीच संकटात आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 2 किलोपर्यंतच्या वर्गात हौसेसाठी उडवायला पायलट लायसन्स लागत नाही. माझं विमान बॅटरीसकट 1.7 किलो भरतं, म्हणून फिल्म बदलतानाही वजनकाटा शेजारी ठेवला होता.

किट घ्या, पुन्हा घ्यायची वेळ आली तर मीही हेच घेईन. फक्त पैसे भरण्याआधी पंखासाठी कुठली फिल्म येते ते लेखी विचारा. पॉलिएस्टर नसेल तर फिल्मशिवाय किटचा भाव मागा. नव्या लॉटच्या जाहिरातीत अजूनही "पूर्ण कव्हरिंगसह" एवढंच लिहिलंय.