पहिलं सेशन फुकट, मग पॅकेज

ऑनलाइन समुपदेशनाच्या नावाखाली होणारी फसवणूक सुरू होते ती एका फॉर्मपासून. नाव, वय, नंबर, आणि पाठोपाठ 'झोप लागते का', 'जीव नकोसा होतो का' असले प्रश्न. रात्री दीड वाजता जाग्या असलेल्या माणसाने ते भरले की दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी 'वेलनेस एक्स्पर्ट' हजर होते.

मोफत सेशन वीसेक मिनिटांचं. समोरचा फक्त विचारतो आणि टिपून घेतो. शेवटी एकदम निदान ठोकतो: 'हा बालपणीचा ट्रॉमा आहे, आत्ता धरला नाही तर संसारावर येईल.' खरा मानसशास्त्रज्ञ पहिली एक-दोन सेशन्स नुसती माहिती घेण्यात घालवतो. इथे मात्र लगेच मेसेज पडतो: 'बारा सेशन्स, मूळ किंमत ३६,०००, आज रात्री बारापर्यंत १८,०००.' सोबत क्यूआर कोड. स्कॅन केल्यावर नाव येतं ते ना संस्थेचं, ना समुपदेशकाचं. तिसऱ्याच कुणाचं तरी. हात तिथेच आखडावा.

पैसे गेले की दोन सेशन्स बरी होतात. तिसऱ्याला समुपदेशक बदललेला असतो, पन्नास मिनिटांची पंचवीस होतात, मग 'नेटवर्क इश्यू'. परतावा मागितला की 'रिफंड डिपार्टमेंट'चा फोन येतो. प्रोसेसिंग फी भरा, स्क्रीन दिसण्यासाठी हे अ‍ॅप टाका, यूपीआय पिन दाबा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पण वैतागलेल्या माणसाला ते त्या क्षणी आठवत नाही. बरेचदा पॅकेजपेक्षा मोठी रक्कम इथेच जाते.

आता पदवीचं. 'सर्टिफाइड ट्रॉमा हीलर', 'एनएलपी मास्टर कोच' ही बिरुदं शनिवार-रविवारच्या कार्यशाळेतही मिळतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. सीआरआर नंबर, म्हणजे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला क्रमांक, मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. नंबर खरा निघाला म्हणूनही थांबू नका, त्यापुढचा प्रवर्ग वाचा. त्याच नोंदवहीत विशेष शिक्षक आणि वाचा-श्रवणतज्ज्ञही असतात, आणि त्यांचा अस्सल नंबर दाखवून 'क्लिनिकल' मिरवता येतं. विनानोंदणी व्यवसायाला शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये म्हणजे एका सेशनची फी!

एम.ए. करून समुपदेशन करणाऱ्या सगळ्यांकडे ही नोंदणी नसते आणि त्यांत उत्तम माणसं आहेत. त्यांना विद्यापीठ, वर्ष आणि कुणाच्या देखरेखीखाली काम केलं ते विचारा. चांगला माणूस न रागावता सांगतो. औषध लिहून देणं मात्र मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरचं काम. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे त्याच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा. चालू गोळ्या 'हळूहळू सोडू या' म्हणणाऱ्या कोचला लगेच रामराम ठोकावा.

फसलात तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पहिल्या काही तासांत पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त. यूपीआयच्या नोंदीतला बारा अंकी यूटीआर नंबर, समोरचा यूपीआय आयडी, पॅकेजचा मेसेज एवढं जवळ ठेवा. चॅट पुसू नका. पैसे भरूनही सेवा मिळाली नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत, स्वतः राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

बहुतेक जण तरीही गप्प बसतात, कारण सेशनमध्ये जे बोललो ते बाहेर येईल ही धास्ती. व्यवहाराच्या तक्रारीत ते लिहावंच लागत नाही. आणि 'रेकॉर्डिंग घरच्यांना पाठवू' अशी धमकी देऊन कुणी पैसे उकळत असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालचा खंडणीचा गुन्हा. एकदा पैसे दिले की दुसरा आकडा येतोच, म्हणून पहिलाही देऊ नका.

आणि रात्री दीडलाच कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेली-मानस, १४४१६. सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतही. तिथे पॅकेज नाही.