जांभळं फाउंटन गवत: नाशिकच्या काळ्या मातीत 13 महिने

नाशिकमध्ये या शोभेच्या गवताला ऊन मारत नाही, पाऊस मारतो. एप्रिल-मेच्या चाळिशीच्या आसपासच्या उन्हात पानं तजेलदार होती. जुलैच्या झडीत मात्र सपाट जमिनीवरच्या 5 ठोंबांपैकी 2 बुडाशी कुजले, उंच वाफ्यावरचे सगळे जगले. काळी माती पाणी धरून ठेवते, वाफसा यायला, म्हणजे जादा पाणी निघून माती मोकळी व्हायला, दिवस लागतात आणि तेवढ्यात मुळं गुदमरतात.

म्हणून वाफा 9 इंच उंच हवाच. 2 घमेली माती, 1 घमेलं बारीक मुरूम, अर्धं घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत. दोन ठोंबांत अडीच फूट अंतर. सुरुवातीला विरळ वाटतं, दिवाळीपर्यंत भरून येतं. बुडखा मातीच्या पातळीलाच ठेवा, खोल गाडला की फुटवे येत नाहीत. लागवड फेब्रुवारीअखेर केली तर पावसाआधी मुळं जम धरतात.

रंगासाठी रोज किमान 6 तास ऊन लागतं. भिंतीच्या सावलीतली पानं हिरवट होऊन लोळतात. युरियानंही तेच होतं, तो देऊच नका. नवा तुरा वाइनच्या रंगाचा, खारीच्या शेपटीसारखा मऊ. थंडीत सकाळी त्याच्या केसांवर दव अडकतं, ते फार सुंदर दिसतं. जुना झाला की गवती पिवळा पडतो.

पारा 10 अंशांखाली गेला की पानं वाळतात आणि झाड मेल्यासारखं दिसतं. उपटू नका, जानेवारीत छाटूही नका. फेब्रुवारीअखेर ठोंब सुतळीनं आवळून बांधा आणि जमिनीपासून 5 इंच ठेवून विळ्यानं कापा. हात झाकलेले असू द्या, पानांच्या कडा खरखरीत असतात. पंधरवड्यात फुटवे दिसू लागतात.

उन्हाळ्यात बुडाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, द्राक्षवाल्यांना ओळखीचा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, मग लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून फवारा.

घेताना पिशवीतून ठोंब हलकेच काढून मुळं पाहा, पांढरी हवीत. जांभळ्या जातीला सहसा उगवणारं बी धरत नाही, रोपं ठोंब फोडून करतात. बियांपासूनची म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. हिरवी जात तर नकोच. तिचं बी वाऱ्यानं उडून शेजारच्या फटीत, बांधावर, कुठेही उगवतं.