घरी बांधायचा बांबूचा आकाशकंदील: कामट्या अव्वल, कागद सुमार, वायर बदलण्याजोगी

पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळीत दसऱ्याच्या सुमारास दिवाळीच्या सजावटीचे सुटे सामान घेण्यासाठी गर्दी होऊ लागते. यंदा तिथल्या एका दुकानातून घरी आकाशकंदील बांधण्याचा संच साडेतीनशे रुपयांना घेतला, घरातल्या मुलांच्या मदतीने तो पूर्ण केला आणि वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत गॅलरीत लावून ठेवला. पिशवीवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. असे बिननावाचे संच घेताना आत काय निघेल याचा अंदाज येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी घेणाऱ्यांना उपयोग व्हावा या हेतूने जरा सविस्तर लिहीत आहे. माझ्या मते या संचात खरी किंमत मोजावी अशी वस्तू एकच आहे, ती म्हणजे बांबूच्या कामट्या; पण त्या इतक्या नीट तासलेल्या आहेत की कागद आणि वायर बदलावी लागूनही हा व्यवहार मला फायद्याचा वाटला.

पिशवीत २५ सेंटीमीटर लांबीच्या कामट्या, सुती दोऱ्याची गुंडी, लाल आणि पिवळा जिलेटिन कागद, सोनेरी पट्ट्या, कातरलेल्या झिरमिळ्या, पांढऱ्या डिंकाची छोटी बाटली, होल्डर जोडलेली वायर आणि आकृत्यांसह एक पानी मराठी सूचनापत्रक इतके सामान निघाले. सांगाड्याला कामट्या २४ लागतात आणि त्याहून थोड्या जास्तच दिलेल्या आहेत. हे विक्रेत्याच्या जाणतेपणाचे लक्षण आहे, कारण बांधताना एखादी कामटी चिरतेच.

शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला चांगली कामटी मिळवणे हेच घरी कंदील करण्यातले सर्वांत अवघड काम होऊन बसले आहे. कागद, डिंक, दोरा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. बांबू उभा चिरून, आतला गर काढून, एकसारख्या जाडीची कामटी तासणे हे मात्र बुरुडाचे कसब आहे आणि त्यासाठी लागणारे हत्यार आणि हात ही दोन्ही आपल्या घरात नसतात. बांबूचे चिवट तंतू बाहेरच्या सालीलगत दाट आणि आत विरळ होत गेलेले असतात, त्यामुळे ज्या कामटीला एका अंगाने गुळगुळीत, चकचकीत पाठ राखलेली असते तीच वाकते आणि टिकते. नुसत्या गराची कामटी दिसायला तशीच असली तरी दोरा आवळताच कडकन मोडते. या संचातल्या प्रत्येक कामटीला पाठ आहे. पोटाकडची बाजू नखाने खरवडली तर भुसा निघत नाही, दोन्ही टोके धरून वाकवली तर सुरेख कमान होते आणि सोडताच ती पुन्हा सरळ होते. पेराची गाठ आलीच असेल तर ती कामटीच्या मधल्या भागात येईल अशा बेताने तुकडे केलेले आहेत, म्हणजे टोकांना दोरा सपाट बसतो. कडाही घासलेल्या आहेत. तरी लहान मुलांच्या हाती देण्यापूर्वी प्रत्येक कामटीवरून एकदा बारीक सँडपेपर फिरवावा, कारण बांबूचे कुसळ बोटात गेले की ते काढणे फार कठीण जाते.

सांगाड्याची रचना साधी आणि अतिशय सुंदर आहे. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन आधी वेगवेगळे बांधायचे आणि मग ते कोनाला कोन जोडत जायचे. एक चौकोन वर आडवा, एक खाली आडवा, आणि उरलेले चार पत्त्यांतल्या चौकटच्या चिन्हाप्रमाणे कोनावर उभे राहून मधले कडे पूर्ण करतात. सहा चौकोन १२ ठिकाणी एकमेकांना बांधले की त्यांच्यामध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. त्रिकोणासाठी वेगळी एकही कामटी लागत नाही. शेवटची गाठ बसून सपाट चौकोनांचा एकदम गोलाकार कंदील उभा राहतो तो क्षण मुलांनी फार लक्ष देऊन पाहिला, आणि भूमितीच्या तासाला फळ्यावर काढलेल्या आकृतीने जे समजत नाही ते तिथे त्यांना हाताने समजले. तयार सांगाडा एका कोनापासून समोरच्या कोनापर्यंत सुमारे ५० सेंटीमीटर रुंद आणि वरच्या चौकोनापासून खालच्या चौकोनापर्यंत सुमारे ३५ सेंटीमीटर उंच भरतो. साध्या सदनिकेच्या गॅलरीला हे माप नेमके आहे.

सूचनापत्रकाची मोठी उणीव इथेच आहे. चौकोन बांधून झाला की लगेच कागद चिकटवा, असे त्यात म्हटले आहे, परंतु दोऱ्याने बांधलेला चौकोन स्वतःहून काटकोनात राहत नाही, तो तिरका होऊन कलतो. त्रिकोण हलत नाही आणि चौकोन हलतो हा नियम पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांसाठीच्या केंद्रात काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्याच साहित्यातून असंख्य मुलांना दाखवला आहे, आणि कंदिलाच्या सांगाड्यात तो पुरेपूर लागू पडतो. उपाय अगदी सोपा आहे. २५ सेंटीमीटर बाजूच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण साधारण ३५ सेंटीमीटर भरले पाहिजेत. तेवढ्या लांबीचा दोरा कापून प्रत्येक चौकोनाच्या दोन्ही कर्णांवर लावून पाहावा, आणि खालच्या उघड्या चौकोनात एका कर्णावर तोच दोरा ताणून कायमचा बांधून टाकावा. वरच्या चौकोनाला मात्र दोरा आडवा बांधू नये, तिथून बल्ब आत सोडायचा असतो. हे न करता कागद लावला तर तो एका कोपऱ्यात ताणला जातो, दुसऱ्या कोपऱ्यात सुरकुततो आणि कंदील कायमचा वाकडा दिसतो. दोन ओळींची ही सूचना छापायला विक्रेत्याला काहीच खर्च येणार नाही.

कागदाच्या बाबतीत संचाने निराशा केली. जिलेटिन म्हणून दिलेला कागद प्रत्यक्षात प्लास्टिकची पातळ फिल्म आहे. अस्सल जिलेटिन कागद, म्हणजे सेलोफेन, लाकडाच्या लगद्यापासून होतो, ओल्या बोटाने मऊ पडतो आणि खळीने चिकटतो. हा कागद पाण्याला दाद देत नाही आणि बरोबर दिलेला पांढरा डिंकही त्यावर धरत नाही. रात्री चिकटवलेल्या कडा सकाळी सुटून आल्या, त्या पुन्हा दाबल्या तरी सुटल्या. चिकटपट्टी लावून काम भागवता येते, पण दिवा लागला की प्रत्येक पट्टीची सावली कागदावर उमटते आणि बांबूच्या सांगाड्याची सारी शोभा जाते.

तो सगळा कागद बाजूला ठेवून मी पतंगाच्या कागदाचे ताव आणले आणि मैद्याची खळ शिजवली. खळ पातळ असावी, बोटाने ओढली असता कामटीवर एकसारखी पसरावी. जुन्या पद्धतीत खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी असल्याने मुले हाताने काम करणार असतील तर घालू नये, एवढ्या थोड्या दिवसांसाठी त्याची गरजही नसते. तुकडा कापताना चारी बाजूंनी दीड सेंटीमीटर जास्त ठेवून तो कामटीवरून आत दुमडायचा. खळीच्या ओलीने पतंगाचा कागद आधी सैल पडतो आणि त्यामुळे नवशिक्याला काम बिघडल्यासारखे वाटते, परंतु वाळताना तो आक्रसतो आणि चांगला ताणून बसतो; कुठे सैल राहिलाच तर पाण्याचा अगदी हलका फवारा मारून सावलीत वाळू द्यावा. वरचा आणि खालचा चौकोन उघडा राहतो, त्यामुळे चार चौकोन आणि आठ त्रिकोण मिळून १२ तुकडेच लागतात. आम्ही चौकोनांना पिवळा आणि त्रिकोणांना लाल कागद लावला. संचातल्या सोनेरी पट्ट्या कडांना लावल्या. त्या कागदाच्या आहेत, त्यामुळे उत्तम चिकटल्या. झिरमिळ्या मात्र वीतभरच लांब निघाल्या, आणि या आकाराच्या कंदिलाला निदान त्याच्या उंचीइतकी तरी शेपटी हवी, त्याशिवाय तो वाऱ्यावर डौलाने हलत नाही. उरलेल्या तावांतून नव्या कातरून घेतल्या.

वायरीविषयी मी अधिक गंभीरपणे लिहितो. संचातली दोन पदरी वायर इतकी बारीक आहे की ती विजेच्या घंटीला वापरावी, उघड्या गॅलरीत २३० व्होल्टला नव्हे, आणि तिच्यावर आयएसआयची खूण नाही. दिवा सात वॅटचा एलईडी असल्यास विजेचा भार नगण्य असतो आणि वायर तापण्याचा प्रश्न येत नाही, हे खरे आहे. धोका वेगळा आहे. कंदील रात्रंदिवस हलत असतो, वायर गजांवर घासते, पातळ आवरण झिजते, आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस कधीही कोसळू शकतो. मी आयएसआय खुणेची जाड आवरणाची वायर आणि नवा होल्डर लावून घेतला, वायरीला होल्डरच्या टोपणाच्या आत गाठ मारली म्हणजे स्क्रूवर ताण येत नाही, आणि कंदिलाचे वजन वायरीवर न टाकता वरच्या चौकोनाच्या चार कोनांना बांधलेल्या सुतळीवर घेतले. ज्यांना वायर जोडण्याची सवय नाही त्यांनी हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे, आणि घरात गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे उपकरण बसवलेले नसेल तर पाऊस सुरू होताच बटण बंद करून पिन काढावी.

बल्ब निवडताना रंग पाहावा. पूर्वी कंदिलात ४० किंवा ६० वॅटचा पिवळा बल्ब असायचा. त्यातली बहुतेक वीज उष्णतेत जाई, म्हणूनच वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवण्याला तेव्हा फार महत्त्व होते. एलईडीने ती भीती बरीच कमी झाली, पण त्याबरोबर बाजारात पांढराशुभ्र उजेडही आला. उजेडाचा रंग डब्यावर केल्विनच्या आकड्याने दिलेला असतो; ६५०० केल्विन लिहिलेला बल्ब लावला की पिवळा कागद हिरवट आणि फिका दिसतो, तर २७०० ते ३००० केल्विनच्या बल्बने लाल आणि पिवळा दोन्ही रंग उजळतात. दुकानदार सहसा पांढराच हातात देतात, तेव्हा आकडा वाचून मागून घ्यावा.

टांगण्यासाठी संचात काहीच दिलेले नाही. गॅलरीच्या छताला ड्रिलने सहा मिलिमीटरचे भोक पाडून, त्यात स्क्रू पकडणारी प्लास्टिकची गिट्टी बसवून हूक फिरवला की काम होते. ड्रिल ठोकणाऱ्या पद्धतीचे असावे, नाहीतर काँक्रीटमध्ये भोक जात नाही, आणि वर पाहत काम करताना डोळ्यांना चष्मा हवाच. हूक एकदा बसला की दरवर्षी उपयोगी पडतो, शिवाय उरलेले वर्षभर त्याला कुंडी टांगता येते.

पाऊस यंदाही दोनदा आला. पतंगाच्या कागदाचा रंग पाण्याने उतरतो आणि खालच्या पांढऱ्या फरशीवर लाल ठिपके पडतात, ही या कागदाची खरी मर्यादा आहे. ज्यांची गॅलरी पूर्ण उघडी आहे त्यांनी कापड वापरलेले बरे. भिजलेला एक त्रिकोण फाटला, तो ओल्या फडक्याने सोडवून तिथे नवा कागद लावला आणि कंदील पुन्हा जसाच्या तसा झाला. बाजारात याच किमतीच्या आसपास मिळणाऱ्या घडीच्या प्लास्टिक कंदिलाला अशी दुरुस्ती करता येत नाही, तो फाटला की कचऱ्यातच जातो. या एका कारणासाठीसुद्धा मी बांबूचा सांगाडा पसंत करीन.

तुळशीच्या लग्नानंतर कागद भिजवून काढला, कामट्या पुसून सावलीत वाळवल्या आणि सांगाडा न सोडवता माळ्यावर ठेवला आहे. बांबूतल्या पिष्टामुळे त्याला भुंगेरे लागतात, तेव्हा मधूनमधून खाली पिवळसर पीठ पडलेले नाही ना हे पाहावे लागेल.

दुकानदाराकडे नुसत्या कामट्यांची जुडी मिळेल का, अशी चौकशी मी नंतर केली, तर तशी मागणी कोणी करत नाही म्हणून सुट्या ठेवत नाही, असे त्यांनी सांगितले. ती मागणी व्हावी असे मला मनापासून वाटते. कामट्या, दोरा आणि दुरुस्त केलेले सूचनापत्रक एवढेच घालून दोनशे रुपयांचा संच त्यांनी काढला तर कागद आणि वायर ज्याची तो आपल्या पसंतीने घेईल. आणि २५ सेंटीमीटरची ही जुडी कोणत्याही प्रवासी बॅगेत मावत असल्याने दिवाळीला घरापासून दूर असलेल्या मुलाबाळांकडेही ती सहज नेता येईल. तोपर्यंत साडेतीनशे रुपयांचा हाच संच, आतला कागद आणि वायर वापरायची नाही हे ठरवून, दसऱ्याच्या आठवड्यातच घ्यावा. दिवाळी अगदी तोंडावर आली की चांगल्या पाठीच्या कामट्या निवडून घेण्याइतकी उसंत तिथे कोणालाच नसते.