पगार थकवणाऱ्या मालकाने टाइप करून दिलेल्या राजीनाम्यावर सही करू नका (यूकेवाल्यांसाठी)

इंग्लंडमध्ये स्पॉन्सरशिपवर असाल आणि मालक "आपलाच माणूस" असेल तर जरा वाचा. स्लाऊमधली छोटी आयटी कंपनी, नाव घेत नाही कारण वसुली अजून चालू आहे.

2023 च्या दिवाळीनंतर पगार अडकायला लागला. आधी अर्धा, मग क्लायंटने पेमेंट अडवलंय, मग नुसतंच "नेक्स्ट मंथ पक्का". पेस्लिप मात्र अगदी वेळेवर, टॅक्स कापलेला, पेन्शन कापलेलं, फक्त बँकेत दमडी नाही. जास्त विचारलं की हसत हसत, "अरे तुझा व्हिसा कोणाच्या जीवावर आहे?"

मग एका संध्याकाळी मला आणि सोबतच्या एकाला केबिनमध्ये घेतलं आणि टाइप केलेले राजीनामे पुढे सरकवले. कारण काय तर "वैयक्तिक", आणि खाली बारीक ओळ की कंपनीकडे माझं काही येणं नाही. सही करा, शुक्रवारी सगळी थकबाकी. सोबतच्याने केली, घरात तान्हं बाळ, भाडं थकलेलं, त्याला काय बोलणार. मी विचार करतो म्हणून निघालो. शुक्रवार आला नि गेला, पैसे कुणालाच नाहीत.

डाव काय होता ते मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या एका युनियनवाल्या काकांनी सांगितलं. पगार न देणं हा कराराचा मोठा भंग, त्यामुळे नोकरी सोडावी लागली तर ते कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसल, म्हणजे कायद्याने काढून टाकल्यासारखंच. पण कागदावर "वैयक्तिक कारण" लिहिलंत की ते सिद्ध करताना नाकी नऊ येतात. त्यात तेव्हा दोन वर्षं नोकरी झालेली लागायची, माझी झाली होती, सोबतच्याची नव्हती. थकलेल्या पगाराचा क्लेम मात्र पहिल्या दिवसापासून करता येतो, नोकरीत असतानाही. आणि ती "येणं नाही"वाली ओळ? एकास (ACAS, मालक-कामगारांचे वाद मिटवणारी इथली सरकारी संस्था) हिच्यामार्फत किंवा स्वतंत्र सल्लागार घेऊन रीतसर सेटलमेंट झालं नसेल तर असल्या कागदाने ट्रिब्युनलला, म्हणजे नोकरीच्या तंट्यांच्या कोर्टात, जायचा हक्क जात नाही, त्यामुळे सोबतच्याचाही पगाराचा क्लेम शाबूत होता, तो बिचारा सगळं गेलं म्हणून बसला होता.

मी स्वतःचा राजीनामा इमेलने पाठवला, पगार दिला नाही म्हणून सोडतोय असं स्पष्ट लिहून. तोवर काम करत होतो तेव्हाही दर महिन्याला "हे मला मान्य नाही" असा इमेल टाकलेला, कारण गप्प राहून काम करत राहिलात तर तुम्हाला ते मान्य होतं असं धरलं जाऊ शकतं.

त्यानंतर मालक एकदम गोड. व्हॉइस नोट्स, "कोर्टबिर्ट कशाला, बसून मिटवू, मार्चएंड होऊ दे". हा गोडपणाच खरा धोका, कारण माझ्या वेळी मुदत होती तीन महिन्यांना एक दिवस कमी, आणि त्याआधी एकासकडे अर्ली कन्सिलिएशन (दाव्याआधीचा समेटाचा प्रयत्न) सुरू करावंच लागतं. मिटवामिटवीच्या गप्पांनी घड्याळ थांबत नाही, एकासच्या अर्जाने थांबतं. फुकट आहे, आणि ट्रिब्युनलची फीसुद्धा 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली. मुदतीचे नियम बदलतायत, आजची मुदत एकासच्या हेल्पलाइनला विचारून घ्या. व्हिसाचं म्हणाल तर क्लेम केला म्हणून तो जात नाही, नोकरी सुटली की स्पॉन्सर होम ऑफिसला (व्हिसा बघणारं सरकारी खातं) कळवतो आणि नवा स्पॉन्सर शोधायला साधारण 60 दिवसांची मुदत मिळते. मला त्यात दुसरा स्पॉन्सर मिळाला, नशीब.

अजून एक. कंपनीज हाउसच्या (कंपन्यांची नोंद ठेवणारं सरकारी ऑफिस) साइटवर मालकाची कंपनी "फॉलो" करून ठेवा. मी केली होती म्हणून एके सकाळी इमेल आला की कंपनी बंद करायचा अर्ज पडलाय. लगेच क्लेमचे कागद लावून हरकत घेतली, बंद करणं थांबलं. नाहीतर दावा लावणार कुणावर? आणि अशी गुपचूप बंद झालेली कंपनी रीतसर दिवाळखोर धरली जात नाही, म्हणून थकलेला पगार देणाऱ्या सरकारी फंडातूनही काही मिळत नाही.

ट्रिब्युनलमध्ये समोरून उत्तरच आलं नाही, निकाल आमच्या दोघांच्या बाजूने. पैसे अजून नाहीत, हायकोर्टाचे वसुली अधिकारी मागे लावलेत. मालक मात्र बायकोच्या नावाच्या नव्या कंपनीतून लिंक्डइनवर डेव्हलपर शोधतोय, जाहिरातीत लिहिलंय, स्पॉन्सरशिप मिळेल.