नवा नायक की वारसाचे नाव?

नाशिकला कॉलेज रोडवर राहणाऱ्या माझ्या भाचीपुढे प्रश्न आहे : मार्व्हल कॉमिक्समधला एक्स-मेन या महानायकांचा १९७५चा नवा संघ आधी वाचावा, की काही जुन्या नायकांची नावे नव्या वारसांकडे गेलेले २०१५चे अ‍ॅव्हेंजर्स? केनियात देवी मानली गेलेली स्टॉर्म आणि सोव्हिएत कोलोसस १९७५मध्येच प्रथम भेटतात, त्यामुळे पूर्ववाचन फारसे लागत नाही. अ‍ॅव्हेंजर्समधला सॅम विल्सन मूळच्या स्टीव्ह रॉजर्सच्या जागी कॅप्टन अमेरिका का झाला, यासाठी मात्र मागचे अंक चाळावे लागतात. टिकाऊपणातही स्टॉर्म सरस, कारण तिचे नाव तिचे स्वतःचेच आहे; सॅमचे तसे नाही, २०१६मध्येच स्टीव्ह रॉजर्सही पुन्हा कॅप्टन अमेरिका झाला. तरीही, कृष्णवर्णीय कॅप्टन अमेरिका, स्त्री थॉर अशा विविधतेवर नाके मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, थॉर झालेल्या कर्करोगग्रस्त जेन फॉस्टरच्या शरीरातून प्रत्येक रूपांतरात केमोथेरपीचे औषध नाहीसे होते, हा पेच वारशाशिवाय उभाच राहिला नसता. नवख्या वाचकाने एक्स-मेन घ्यावे. जुन्या थॉरशी परिचय असलेल्याने जेनपासून सुरुवात करावी.