सोलारिसचा कंट्रोलर नंबर जागेवर आणून देणारे काका, चार स्टार

चाकणला आमच्या कंपनीत एक जुना सन फायर व्ही२४० सर्व्हर आहे, सोलारिस १० ही युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम, त्यावर ओरॅकल डेटाबेस. चालतोय ना, मग कोणी हात लावायचा नाही असं ठरलेलं. मागच्या महिन्यात एएमसीवाल्यांचा (वार्षिक देखभालवाले, नाव नाही घेत) पोरगा धूळ साफ करायला आला, त्याने स्कझी कार्ड (बाहेरच्या डिस्क जोडायचं) काढलं आणि बसवताना शेजारच्या स्लॉटात बसवलं. सांगितलंही नाही.

सर्व्हर उठला पण एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) लागेना. एएलओएमच्या (सर्व्हरच्या देखभाल पोर्टच्या) केबलने कन्सोलवर गेलो तर लोकल फाइलसिस्टिमची सर्व्हिस मेंटेनन्समध्ये पडलेली. डिस्कच्या नावातला सी म्हणजे ती ज्याला जोडलीय तो कंट्रोलर; आमच्याकडे सी० म्हणजे डीव्हीडी, सी१ आतल्या डिस्क, सी२ मागचा पोर्ट आणि कार्डाचे दोन पोर्ट सी३, सी४. आता फॉरमॅट (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर सी३ वरचा बाहेरचा डिस्कचा डबा सी५ वर! पोराने तीनदा बूट मायनस आर (डिव्हाइस नव्याने शोधणारं बूट) केलं, तिन्ही वेळा सी५. मग व्हीएफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे माउंट करायची ती फाइल) ३ चा ५ केला, झालं म्हणाला आणि गेला. फाइलसिस्टिम माउंट झाल्या हो, पण ओरॅकलच्या डेटाफाइल रॉ पार्टिशनवर (फाइलसिस्टिमशिवाय, थेट डिस्कवर), म्हणजे त्यांना सी३ च हवा, आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सी३ कुठेकुठे लिहिलंय ते कोणाला माहीत, लिहिणारा माणूस दोन नोकऱ्यांपूर्वीच सोडून गेलाय.

मित्राने पुण्यातल्या एका काकांचा नंबर दिला. आयुष्यभर युनिक्स केलेलं, आता सुटी कामं घेतात. रविवारी सकाळी नऊला हजर. आधी ओरॅकल बंद, डबा अनमाउंट, मग डेव्ह डीएसके फोल्डरची (डिस्कच्या नावांच्या लिंक असतात तिथे) लांबवाली यादी फाइलमध्ये काढली, प्रिंट घेतली आणि पेनाने दोन ओळींखाली रेघ मारून मला दाखवलं. सी३ ची लिंक जुन्या स्लॉटच्या पीसीआय पाथकडे (स्लॉटच्या पत्त्याकडे) बोट दाखवतेय, तिथे आता काहीच नाही. सी५ ची लिंक नवीन पाथकडे. "अरे, नंबर कार्डाला नसतो, या लिंकच्या नावाला असतो. जुनी नावं कोणी पुसलीच नाहीत तर सोलारिस पुढचाच नंबर देणार ना." मी विचारलं पाथ टू इन्स्ट फाइल बदलायची का, तर म्हणाले तिला हात लावू नकोस, तिच्यात ड्रायव्हरचे इन्स्टन्स (ड्रायव्हरने दिलेले क्रमांक) असतात, सी चा नंबर नाही.

मग डीएसके आणि आरडीएसके (त्याच डिस्कची रॉ नावं) दोन्हीकडून सी३, सी४, सी५, सी६ च्या लिंक उडवल्या, आणि डेव्ह सीएफजीमधल्यासुद्धा (तिथे कंट्रोलरच्या लिंक असतात). हे सीएफजीचं मला माहीतच नव्हतं, तिथे जुनी लिंक राहिली तर नंबर अडकूनच राहतो म्हणे. नुसतं डेव्हएफएसएडीएम (या लिंक बनवणारी कमांड) मायनस सी लावून मारलं असतं तर मेलेल्या लिंक गेल्या असत्या पण सी५ तसाच राहिला असता. साफ केल्यावर डेव्हएफएसएडीएम चालवलं, फॉरमॅट, आणि डबा सी३ वर. मला खरंच हसू आलं. व्हीएफएसटॅबमधला ५ परत ३ केला.

पण ओरॅकल तरी उठेना! पाथ नवीन म्हणजे डिव्हाइस फाइलही नवीन, मालक रूट. काकांनी लगेच मालक बदलून ओरॅकल आणि ग्रुप डीबीए केला आणि डेटाबेस वर आला. हे त्या पोराला कधीच सापडलं नसतं. आमची रूट डिस्क सी१ वर होती म्हणून सगळं चालू मशिनवर झालं, रूटचाच नंबर बदलायचा असता तर सीडीवरून सिंगल युजरमध्ये बूट करून रूट स्लॅश ए वर माउंट करून करावं लागतं. आणि डबा झेडएफएसवर (सोलारिसची नवी फाइलसिस्टिम) असता तर एवढं झालंच नसतं, तो डिस्कवरचं लेबल वाचून पूल (डिस्कचा गट) ओळखतो.

साडेतीन हजार घेतले, मला तरी जास्त नाही वाटले, दीड तासात मोकळे. एक स्टार कापला कारण बिल आठ दिवसांनी आलं, त्यावर "कॉम्प्युटर दुरुस्ती" एवढंच, अकाउंटवाल्यांना समजावता समजावता माझा जीव गेला. शिवाय सीरियल केबल आणत नाहीत, तुमची आधीच शोधून ठेवा. आणि फोन संध्याकाळी सातनंतर करा, दुपारी उचलत नाहीत.